डावी बाजू येत नाही

४ जुलै

औषधाच्या दुकानदाराने जानेवारीत दिलेली ही डायरी सहा महिने कोरीच पडली होती. आज उघडली, कारण सांगायला कुणी नाही. बायकोला सांगायला गेलो तर म्हणाली, "तुमचे सेट म्हणजे माझी सवत. तिचं कौतुक माझ्यापुढे नको."

तर इथे सांगतो. आज गायनाच्या बाई सेट घेऊन दुकानात आल्या. शाळेत जन्मभर गाणं शिकवून त्या निवृत्त झाल्या, अजून घरी मुलांना शिकवतात. सेट म्हणजे जुना स्टिरिओ रिसीव्हर. लाकडी पेटी, तोंडावर चकचकीत पट्टी, मुठीत मावतील असे जाड नॉब आणि चालू केला की निळी उजळणारी लांब काच. बाईंच्या यजमानांनी हौसेने घेतलेला. ते जाऊन सहा वर्षं झाली. असे सेट हल्ली दुकानाची पायरी चढत नाहीत, थेट भंगारात जातात. मी हात पुसून मग त्याला हात लावला.

तक्रारी त्यांनी कागदावर लिहून आणल्या होत्या, फळ्यावरच्या अक्षरात. काचेमागचे दिवे लागत नाहीत. 'स्टिरिओ'चा लाल दिवा लागत नाही. आवाज वाढवताना खरखर. डावी बाजू येत नाही. या शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ.

मी त्यांच्या शेजारी उभा राहून विचारलं, सेट शेवटचा कधी लावला होता. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी बाई समोरच्या भिंतीकडे बघत उभ्या. जरा मानी वाटल्या. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काही म्हणालात का?"

६ जुलै

दिवसभर बाईंच्याच सेटवर. काचेमागच्या पाच दिव्यांपैकी तीन गेलेले, ते बदलले. लाल दिवा शाबूत होता, त्याच्या वायरचा सोल्डरिंगचा डाग सुटला होता. नवा डाग दिला. दोन्ही बाजूंचा तोल ठेवणारा बॅलन्सचा कंट्रोल धुळीने चोंदला होता आणि डावी बाजू खरंच मधूनच गायब होत होती. फवारा मारून तो पन्नास वेळा इकडून तिकडे फिरवला. आवाजाचा मोठा कंट्रोलही साफ केला. रेडिओ, रेकॉर्ड, टेप निवडायच्या स्विचच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या, त्या घासल्या.

एक सोय आहे. याच सेटचं जुळं भावंड माझ्या रॅकवर पडून आहे. ते बोटवाल्यांचं. जहाजाच्या इंजिनावर काम करायचे, म्हणून सगळे बोटवालेच म्हणतात. त्यांच्या सेटचा ट्रान्सफॉर्मर जळला होता. तीन वर्षांपूर्वी तो सेट ठेवून ते जहाजावर गेले ते आलेच नाहीत. कुठे शंका आली की मी त्यांचं झाकण काढून ताडून बघतो.

संध्याकाळी काच उजळली. स्टेशन लागल्याबरोबर लाल दिवा लागला. दोन्ही बाजू अशा स्वच्छ की मी चहा तसाच थंड होऊ दिला.

१२ जुलै

सेट गुरुवारी घरी पोचवला होता. आज बाई दुकानात. म्हणाल्या, दिवे छान झाले, खरखर गेली, पण डावी बाजू येत नाही.

मी पुन्हा आणला, लावला. येते आहे. चांगली येते आहे. तरी पुन्हा साफ केला, पुन्हा पोचवला.

१५ जुलै

बाई पुन्हा आल्या. दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर बाई म्हणाल्या, "तुमच्याबद्दल बरंच ऐकून आले होते मी." आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. दोघांपैकी एकाने आपला रेडिओ हळूच पुन्हा पिशवीत घातला.

तीस वर्षांत माझ्याकडून काम दुसऱ्यांदा परत आलेलं नाही. कान तापले होते. रात्री जेवताना बायको काही बोलत होती, मी नुसता हो हो म्हणत होतो. नंतर कळलं, भाजीत मीठ नाही असं ती सांगत होती.

१७ जुलै

जे घडलं ते लिहितो.

सेटमध्ये काही सापडेना तेव्हा आवाजाच्या मोठ्या कंट्रोलवर संशय घेतला. त्यात दोन बाजूंच्या दोन पट्ट्या असतात. डावीकडची झिजली असणार, असं मनाने घेतलं. मीटर तसं म्हणत नव्हता. मीटरपेक्षा माझा राग मोठा झाला. कंट्रोल काढला, त्याची कड उलगडून आत बघितलं. पट्टी काळीभोर, एक ओरखडा नाही. बंद करताना हात घाईत होता. कट्‌ असा बारीक आवाज आला आणि पट्टी तडकली.

असा कंट्रोल आता कुठे मिळत नाही. चार ठिकाणी फोन केले. मग स्टुलावर बसलो आणि माझी नजर रॅककडे गेली.

बोटवाल्यांच्या सेटचा कंट्रोल मी काढला आणि बाईंच्या सेटला लावला. अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात स्वतःला बरंच काही सांगितलं. माणूस तीन वर्षांत आला नाही. आला तर बघू. सेट तसाही बंदच आहे. काम झाल्यावर बोटवाल्यांचा नॉब पट्टीवरच्या रिकाम्या भोकावर टेकवून ठेवला, तर तो गळून खाली पडला. मग तसंच ठेवलं. पुढचा दात पडलेल्या माणसासारखं दिसतं.

१९ जुलै

सेट पोचवला. बाईंची शिकवणी चालू होती, सात-आठ मुलं सतरंजीवर. बाईंनी सेट लावला, डोळे मिटून बराच वेळ ऐकला. म्हणाल्या, आता बरं वाटतंय, बहुतेक. मग मुलांना म्हणाल्या, "हे बघा, एवढ्याशा कामासाठी हे इतक्या वेळा आले. याला म्हणतात प्रामाणिकपणा."

मुलांनी माझ्याकडे मान वर करून बघितलं. मी चप्पल घालताना दोनदा चुकलो.

२४ जुलै

बोटवाल्यांची मुलगी आली.

मी तिला ओळखलं नाही. तीसेक वर्षांची, एका कापडाच्या दुकानात हिशेब बघते. तिने पावती पुढे केली, माझ्याच अक्षरातली. म्हणाली, जहाजावरच वडिलांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. परक्या बंदरात कितीतरी महिने दवाखान्यात काढले, मग घरी आणलं, मग दुसरा झटका. आता पलंगावरच असतात. उजवा हात चालत नाही, बोलतात, पण काही गोष्टी विसरतात. परवा त्यांना अचानक सेट आठवला. "मेकॅनिककडे आहे, म्हणजे घरातच आहे समज," असं म्हणाले.

मी सेट खाली काढला. तिचा हात सरळ त्या भोकाकडे गेला. विचारलं, "इथलं बटण कुठे गेलं, काका?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं ते त्यासाठीच. निघालं ते वेगळं. म्हणालो, आतला कंट्रोल झिजलेला होता, काढून टाकावा लागला. आता मिळत नाही.

"आणला तेव्हाच खराब होता का?"

"हो."

तिने लगेच विश्वास ठेवला. ट्रान्सफॉर्मर होईल का, विचारलं. मी म्हणालो, नवा गुंडाळून देतो, कंट्रोलचंही बघतो काहीतरी. तिने माझे आभार मानले, पदराने काच पुसली आणि गेली.

शेजारचा शिंपी नंतर डोकावला. म्हणाला, तोंड का असं उतरलंय. मी म्हणालो, पित्त.

२५ जुलै

दुकान उघडलं नाही. बायकोने विचारलं नाही. त्यामुळे जास्तच वाटलं.

३० जुलै

सकाळी बाईंचा फोन. सुरुवातीला मी हॅलो हॅलो करतोय आणि त्यांना ऐकूच येईना. मग "थांबा, फोन दुसऱ्या हातात घेते," म्हणाल्या. मला वाटलं, हातात काहीतरी काम असेल. मग म्हणाल्या, डावी बाजू पुन्हा गेली.

मी पिशवीत मीटर टाकला आणि निघालो. वाटेत एकच गोष्ट डोक्यात. ज्याच्यासाठी चोरी केली तेसुद्धा चाललं नाही.

घरी बाई एकट्याच. स्पीकर दोन बाजूंना, मध्ये त्यांची खुर्ची. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि स्पीकरच्या मागच्या वायरींची अदलाबदल केली. आता सेटच्या उजव्या बाजूचा आवाज डाव्या स्पीकरमधून यायला लागला. सेटमध्ये बिघाड असेल तर आता उजवा स्पीकर मुका व्हायला हवा. विचारलं, आता कुठली बाजू कमी?

म्हणाल्या, डावीच.

मला कळेना. मग स्पीकरच खराब असेल म्हणून डाव्या स्पीकरला कान लावला. खणखणीत. लाल दिवा माझ्याकडे बघत होता. मी उभा राहिलो आणि मला इतक्या दिवसांतलं एकेक आठवायला लागलं. त्या भिंतीकडे बघत राहिल्या होत्या तो दिवस. आताचा फोन.

मी म्हणालो, बाई, जरा खुर्ची फिरवून, पाठ सेटकडे करून बसता का?

बाई उठल्या, खुर्ची फिरवली, बसल्या. गाणं चालू होतं. थोड्या वेळाने त्यांनी हात उचलून उजवीकडे बोट दाखवलं, म्हणजे ज्याला त्या इतके दिवस मुका म्हणत होत्या त्याच स्पीकरकडे.

"हा वाजतोय," म्हणाल्या. "आता दुसरा नाही."

मी सेट बंद केला. काचेमागचे दिवे विझले. त्या पाठमोऱ्याच बसून होत्या.

"मला ठाऊक होतं," म्हणाल्या. "ठाऊक होतं म्हणजे, शंका होती. मनात म्हणत होते, बिघाड सेटमध्येच निघू दे."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिता येत नाही, कारण मध्येमध्ये थांबत होत्या. शिकवणीत एक दहा वर्षांची मुलगी नेहमी त्यांच्या डावीकडे बसायची. तिचा आवाज येत नाही म्हणून दोन महिने बाई तिला सगळ्यांसमोर बोलल्या. तोंड उघड, गाणं तुझ्यासाठी नाही, जागा अडवू नकोस, असंही बोलल्या. ती यायची बंद झाली. मागच्या आठवड्यात दुसऱ्या मुलीने सहज सांगितलं, ती तर सगळ्यात छान गायची.

"जन्मभर कानावर जगले मी," बाई म्हणाल्या. "आणि माझ्या कानाचा दोष त्या लेकरावर ढकलला. तुमच्यावरही. चारचौघांत तुम्हाला बोलले."

हात जोडायला लागल्या. मला ते बघवेना. म्हणालो, "बाई, तुम्ही हात जोडू नका. मी तुमचा चांगला कंट्रोल फोडला, आणि दुसऱ्याच्या सेटमधला चोरून तुम्हाला लावला. त्या दिवशी मुलांना तुम्ही माझ्याबद्दल जे सांगितलं ते खरं नाही."

त्यांनी माझ्याकडे वळून, उजवा कान पुढे करून ऐकलं. शेवटपर्यंत. मग विचारलं, तो माणूस कोण. मी सांगितलं. त्यांची मुलगी आली होती आणि मी तिच्याशी काय बोललो, तेही सांगितलं.

"मग हा आत्ता काढून न्या," म्हणाल्या. "माझं राहू द्या."

३१ जुलै

काल मी सेट घेऊन निघालो तेव्हा बाई दारापर्यंत आल्या. कानाच्या डॉक्टरकडे जाते म्हणाल्या. मी म्हणालो, सोबत येऊ का. म्हणाल्या, नको, तुम्हाला तुमचं एक ठिकाण आहे जायचं.

रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "आठ दिवस पित्त पित्त म्हणत होतात. मी तुम्हाला आल्याचं पाणी करून देत होते."

८ ऑगस्ट

ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला आठवडा गेला. खोटं कशाला बोलू, तीन दिवसांचं काम होतं. बाकीचे चार दिवस पाय निघत नव्हता. त्यांचा कंट्रोल त्यांच्या सेटला परत लावला, नॉब बसवला, आणि आज त्यांच्या घरी गेलो.

मुलीने दार उघडलं. मी सेट दारातच खाली ठेवला, कारण आत जाऊन ठेवला असता तर बोलणं झालं नसतं. म्हणालो, त्या दिवशी मी खोटं बोललो. कंट्रोल चांगला होता. मी तो काढून दुसऱ्याच्या सेटला लावला होता. आता परत लावलाय.

वाटलं होतं, ती चिडेल. ती पांढरी पडली. हळू आवाजात म्हणाली, "हे तुम्ही बाबांना सांगा."

आत बोटवाले उशीला टेकून बसले होते. केवढा धिप्पाड माणूस होता, आता चादरीखाली फार थोडा उरलाय. मला बघून ओळखीचं हसले, अर्ध्या तोंडाने. मी पलंगाशी उभा राहून पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही.

ते मुलीकडे बघून म्हणाले, "बघ."

एवढंच. मला कळलं नाही. ती तोंडावर हात धरून दाराच्या चौकटीला टेकली. मग तिनेच सांगितलं. त्या दिवशी माझ्याकडून घरी जाऊन तिने वडिलांना सांगितलं, कंट्रोल आधीपासूनच खराब होता. ते म्हणाले, नव्हता, आवाज लोण्यासारखा वाढायचा. ती म्हणाली, बाबा, तुम्ही विसरता हल्ली. ते हटून बसले. तिने पुन्हा समजावलं, मेकॅनिक कशाला खोटं बोलतील? त्यानंतर ते गप्प झाले. दुसऱ्या दिवसापासून गोळी घेतली की नाही हेही तिलाच विचारायला लागले. जेवलो का, हेही. स्वतःचं नाव सोडून सगळं तिला विचारून घ्यायला लागले.

मला वाटत होतं मी एक कंट्रोल चोरला.

ती वडिलांच्या पायाशी बसली. म्हणाली, "चुकलं माझं, बाबा." ते तिच्या डोक्यावरून डावा हात फिरवत राहिले. मी तिथे काय करत होतो? निघावं तर सेट अजून दारातच.

बोटवाल्यांनीच मला खूण केली. सेट आणला, जोडला, लावला. काच उजळली. डाव्या हाताने त्यांनी स्वतः नॉब धरला आणि अगदी हळू फिरवला, तळापासून वरपर्यंत, परत खाली. आवाज एकसारखा वाढला, एकसारखा उतरला. तसं त्यांनी तीनदा केलं. खात्री सेटची करत नव्हते, एवढं मलाही कळलं.

"आता जा तू," मला म्हणाले. रागाने नाही. माफही केलं नाही. मी मागितलीही नव्हती.

मुलगी दारापर्यंत आली, पण माझ्याकडे न बघता तिने दार लावलं. बरोबरच आहे.

१२ ऑगस्ट

बाईंच्या सेटला बाजारात मिळाला तसा साधा नवा कंट्रोल लावून दिला. दांडी जरा आखूड आहे, त्यामुळे नॉब पट्टीला घासतो. तसं त्यांना सांगितलं. त्यांनी डाव्या कानात यंत्र घातलंय, शेंगदाण्याएवढं. केसांनी झाकलेलं नाही. मुलांना उघड सांगून टाकलं म्हणे, आणि त्यांनी आळीपाळीने ते बघायला मागितलं.

शिकवणीतल्या त्या मुलीच्या घरी बाई स्वतः जाऊन आल्या. तिच्या आईबापांशी नाही, तिच्याशी बोलल्या. ती अजून शिकवणीला आलेली नाही. बाई म्हणाल्या, तिची मर्जी.

२० ऑगस्ट

बाईंचा फोन. यंत्राची आता सवय झाली म्हणाल्या, आणि मग जरा अडखळून, "रागावू नका, पण उजव्या बाजूला बारीक खरखर आहे. आवाज कमी असताना."

गेलो. सेट लावला, कान लावला. मला काही ऐकू आलं नाही. पुन्हा लावला. नाहीच. बाई समोर उभ्या, चेहरा चोरट्यासारखा, जणू तक्रार करून त्यांनीच गुन्हा केलाय. जिभेवर आलं होतं, काही नाही बाई, नव्या यंत्रामुळे तसं वाटत असेल. त्यांनी तेही मान्य केलं असतं. लगेच केलं असतं.

सेट दुकानात आणला. पडदा असलेल्या जुन्या मीटरला जोडला, आवाज अगदी बारीक ठेवला आणि नॉब केसभर फिरवला. उजव्या बाजूची रेघ थरथरली. पुन्हा फिरवला, पुन्हा थरथरली. नवा कंट्रोल लावताना मी डाग कच्चा दिला होता. त्या दिवशी घाई होती की लाज, देव जाणे.

लगेच फोन केला. म्हणालो, "बाई, खरखर आहे. तुम्ही बरोबर ऐकलंत. काम माझं कच्चं होतं."

पलीकडे मुलांचे सूर चालले होते. मग बाईंनी फोन न ठेवताच त्यांना सांगितलेलं मला ऐकू आलं, "थांबा रे सगळे. पहिल्यापासून घ्या. मला आता नीट ऐकायचंय."